बिघाडाची तालीम

"खोट्या विमानात बसून खोट्या बिघाडाशी झुंजण्यात कसला आला पराक्रम?" असा प्रश्न पुष्कळांना पडतो. जमिनीवरच्या खोलीत विमान कोसळले तरी कोणाच्या केसालाही धक्का लागत नाही, हे खरेच. पण नाटकाच्या तालमीत तरी खरे मरण कोठे असते? म्हणून काही तालीम व्यर्थ ठरत नाही.

सिम्युलेटरचा जन्मही थोडासा कलेच्याच घरातला. अमेरिकेतील एडविन लिंक याच्या वडिलांचा ऑर्गन बनविण्याचा कारखाना होता. त्या वाद्यातील हवेच्या भात्यांचे तंत्र वापरून त्याने 1929 साली जमिनीवरच हेलकावे खाणारे शिकाऊ विमान तयार केले. आजच्या सिम्युलेटरमध्ये प्रशिक्षक मागे बसून कळ दाबतो. की इंजिन बंद पडते, हायड्रॉलिक यंत्रणेचा दाब उतरतो, वेगमापक खोटे बोलू लागतो. अशा वेळी शिकणाऱ्याने पाळावयाचा क्रम ठरलेला आहे: आधी विमान सावरा, मग वाट ठरवा, मग नियंत्रण कक्षाशी बोला. एकाने विमान चालवायचे, दुसऱ्याने बिघाडाची तपासणी-यादी मोठ्याने वाचायची.

या तालमीचे मोल 19 जुलै 1989 रोजी दिसले. युनायटेड एअरलाइन्सच्या डीसी-10 विमानाच्या तिन्ही हायड्रॉलिक यंत्रणा निकामी झाल्या. प्रवाशांत डेनिस फिच हे वैमानिकांचे प्रशिक्षक होते. 1985 च्या जपानमधील अशाच अपघातानंतर केवळ इंजिनांची शक्ती कमीजास्त करून विमान वळविण्याचा सराव त्यांनी सिम्युलेटरमध्ये केला होता. कॅप्टन हेन्स यांच्या मदतीला जाऊन त्यांनी तेच केले. सू सिटीच्या विमानतळावर विमान मोडले, पेटले. तरी 296 पैकी 184 जण वाचले.

मात्र तालमीला न्यायाधीश करू नये. 15 जानेवारी 2009 रोजी न्यूयॉर्कवर पक्ष्यांच्या धडकेने एका विमानाच्या दोन्ही इंजिनांची शक्ती गेली. कॅप्टन सलेनबर्गर यांनी ते हडसन नदीत उतरविले. सर्व 155 जण वाचले. पुढे चौकशीत काही वैमानिकांनी सिम्युलेटरमध्ये तत्काळ वळून विमानतळ गाठून दाखविला. मग कॅप्टन चुकले काय? मुळीच नाही! बिघाड येणार हे त्या वैमानिकांना आधीच ठाऊक होते. समजून घेण्यास व निर्णय करण्यास 35 सेकंद धरताच ते खोटे विमानही धावपट्टीपर्यंत पोहोचले नाही. यंत्राने सारे मोजले होते, माणसाचे दचकणे तेवढे राहिले होते.

म्हणून माझे स्पष्ट मत असे की, बिघाडाची वेळ आधी ठाऊक असेल तर ती तालीम अर्धीच. घरच्या संगणकावर विमान उडविणाऱ्या मित्रांनीही बिघाड स्वतः निवडू नये. तो केव्हा यावा हे यंत्रावर सोडावे आणि घाबरून खेळ मध्येच थांबवू नये. 'अपेक्षित प्रश्नसंच' पाठ करून परीक्षागृहात शिरणाऱ्या आपण सर्वांनी यावर विचार करावयास हवा. संकट काही प्रश्नसंच छापून येत नाही!