दात येताहेत, दुसरं काय!

रात्रीचे अडीच. मुलुंड ईस्टला आमच्या खिडकीतून रेल्वेचे रूळ दिसतात, पण या वेळेला तिथे लोकलही नसते. अख्ख्या सोसायटीत जागे तिघंच: गेटवरचा वॉचमन, मी आणि माझ्या खांद्याचा चावा घेणारी साडेसहा महिन्यांची आमची कन्या. लाळेरं भिजलंय, माझा टी-शर्ट भिजलाय, तिची मूठ मनगटापर्यंत तोंडात आहे. सकाळी आठ-वीसची लोकल, घाटकोपरला मेट्रो, चकाल्याला उतरायचं आणि दहा वाजता प्रेझेंटेशन. बाईसाहेबांना मात्र आत्ताच सगळं सांगून टाकायचंय. रडत रडत.

टायमिंग बघा. २०१७ च्या दुरुस्तीने बाळंतपणाची रजा १२ वरून २६ आठवड्यांची झाली. त्यातले काही आठवडे बाळ यायच्या आधीच खर्ची पडतात. आणि पहिला दात येतो साधारण सहाव्या महिन्याच्या आसपास. (कुणाचा चौथ्यात, कुणाचा वाढदिवसाच्या तोंडावर. दोन्ही नॉर्मल.) म्हणजे रजा संपायला आणि हिरड्या शिवशिवायला एकच गाठ! बाळ सगळ्यात जास्त कडेवर असायला हवं, नेमकी तेव्हाच त्याची आई ऑफिसच्या लिफ्टसमोर लायनीत उभी असते.

सल्ले तर विचारूच नका. शेजारच्या काकू म्हणाल्या, होमिओपॅथीच्या एकवीस नंबरच्या गोळ्या दे. ऑफिसमधली मैत्रीण म्हणाली, जेल लाव. दादरच्या मावशीने वेखंडाचा मणी ओवून पाठवला. सासूबाईंनी सहाण काढली. आणि आमचे चिरंजीव पतिदेव इंटरनेटवर रात्रभर वाचून सकाळी म्हणाले, ‘अगं, वीस दात यायचेत अजून.’ खरं होतं. दुधाचे दात वीस, आणि सगळे येईस्तोवर मूल अडीच-तीन वर्षांचं होतं. पण ही माहिती त्या वेळी द्यायची नसते.

शेवटी आमच्याकडे चाललं ते अगदीच साधं. हात स्वच्छ धुवायचे, नख कापलेलं हवं, आणि बोटाने हिरडी हळूहळू दाबत चोळायची. पहिल्यांदा ती चिडते, मग डोळे मिटून बोटच चावायला लागते. दुसरं, जुन्या सुती साडीचे चौकोनी तुकडे कापून, उकळून, ओले करून फ्रिजमध्ये ठेवायचे. फ्रिजमध्ये म्हणजे खाली, भाजीच्या शेजारी. फ्रीझरमध्ये नाही, कारण बर्फासारखं कडक आणि अतिगार काही लावलं तर हिरडीलाच इजा होते. एक तुकडा चावून कोमट झाला की दुसरा. दोन हजारांची विदेशी टीदर्स आम्हीही घेतली होती. तिने ती सोफ्याखाली टाकली आणि माझ्या आजीच्या साडीचा तुकडा धरला. टीदर घ्यायचंच तर भरीव रबराचं घ्या. पाणी किंवा जेल भरलेलं फुटलं तर आतलं सगळं पोटात.

लाळ वरचेवर टिपायची. पुसायची नव्हे, टिपायची, नाहीतर हनुवटी लाल होते. झोपताना थोडं साधं पेट्रोलियम जेली. लाळ काय, तिसऱ्या महिन्यापासूनच गळायला लागते, तिचा दाताशी संबंध असेलच असं नाही. गाजर, खारीक, काकडीचा तुकडा चोखायला द्यायची आपल्याकडे पद्धत आहे. मी नाही देत. अर्धवट फुटलेल्या दातानेही तुकडा मोडतो आणि घशात अडकतो. गळ्यातल्या माळांचंही तेच. मावशीचा मणी मी देवघरात ठेवला. परदेशात अंबरच्या माळा विकतात, त्यातल्या एकीने झोपेत गळा आवळून दीड वर्षाचं मूल गेलं, तेव्हा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ मध्ये इशाराच दिला.

त्याच वर्षी त्यांनी आणखी एक गोष्ट केली. बेन्झोकेन असलेली जेल दोन वर्षांखालच्या मुलांसाठी विकणं थांबवा, असं कंपन्यांना सांगितलं. या औषधाने क्वचित रक्ताची ऑक्सिजन वाहून न्यायची ताकदच जाते. आपल्याकडे तोंड आल्यावर लावायच्या जेलमध्ये लिग्नोकेन किंवा सॅलिसिलेट असतं, तीही तान्ह्या बाळासाठी नाहीत. आणि गंमत म्हणजे फायदाही फारसा नाही. लाळेबरोबर जेल दोन मिनिटांत वाहून जातं, आणि जे गिळलं जातं ते घसा बधिर करतं. एकवीस नंबरच्या गोळ्यांनी दात सोपा येतो याला भरवशाचा पुरावा मला तरी सापडला नाही. काकूंना मी ‘हो’ म्हटलं आणि बाटली कपाटात ठेवली.

सासूबाईंच्या सहाणेचा प्रश्न मात्र नाजूक होता. घुटीत मध नको, एवढं त्यांनी लगेच मान्य केलं. वर्षाच्या आत मध देऊच नये, त्यातल्या जंतूंनी बोटुलिझम होऊ शकतो. अडलं ते जायफळावर. ‘अगं, दोन वेढे फक्त. गाढ झोपेल.’ मी म्हटलं, ‘आई, गाढ झोपेल म्हणूनच नको.’ जायफळ जास्त झालं तर गुंगी आणतं, आणि वेढा म्हणजे किती हे हातावर ठरतं. त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, ‘आमची आजी लालबागहून गिरणीत जायची. तेव्हा पोरांना बाळागोळी द्यायचे. संध्याकाळपर्यंत हूं नाही की चूं नाही.’

मला वाटलं, असेल काहीतरी आयुर्वेदिक. ती अफूची गोळी होती. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबई सरकारने गिरणीत काम करणाऱ्या बायकांची बाळंतपणं कशी होतात हे पाहायला डॉ. बार्न्स नावाच्या डॉक्टर बाईंना नेमलं होतं. या बायकांच्या १०० पैकी ९८ बाळांना अफू दिली जाते, असं त्यांच्या पाहणीत निघालं. शंभरातल्या अठ्ठ्याण्णव! दिवसाचे दहा-अकरा तास मशीनवर, घरी एखादी म्हातारी किंवा सात वर्षांची ताई, आणि दहा बाय दहाच्या खोलीत रडणारं बाळ. दात येत असोत, भूक असो, ताप असो, गोळी एकच. १९२८ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात प्रसूतिरजेच्या बिलाच्या बाजूने डॉ. आंबेडकर बोलले, आणि १९२९ मध्ये कायदा झाला. माझे २६ आठवडे त्याच रांगेतले.

साहेबांच्या देशातही वेगळं नव्हतं बरं का. अमेरिकेत १८४९ पासून दात येणाऱ्या बाळांसाठी ‘मिसेस विन्स्लोज सूदिंग सिरप’ विकलं जायचं, त्यात मॉर्फिन होतं. इंग्लंडमध्ये दातांच्या पावडरीत पारा असायचा, तो १९५० च्या दशकात बंद झाला.

आता अफू नाही. पण ‘प्रवासात सर्दीचं सिरप दे, मस्त झोपते’ हे मी आमच्या सोसायटीच्या गार्डनमध्येच ऐकलंय. आपल्याकडच्या सर्दीच्या सिरपमध्ये क्लोरफेनिरामाइन आणि फेनिलेफ्रिन हे कॉम्बिनेशन सर्रास असतं. ते चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये असं लेबलवर छापा, असा आदेश भारताच्या औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये काढला. तुमच्या कपाटातली बाटली एकदा उलटी करून वाचा.

फारच दुखत असेल तर पॅरासिटामॉल आहे. पण ते वजनावर, डॉक्टरांनी लिहून दिलेल्या मात्रेत, आणि बाटली बघून. थेंबांच्या बाटलीत बहुतेक वेळा एका मिलीमध्ये १०० मिलिग्रॅम असतं. सिरपमध्ये साधारण १२० ते २५० मिलिग्रॅम असतं, पण ते पाच मिलीत. झोपेत थेंबांचं औषध सिरपच्या मापाने दिलं तर किती होईल, हा हिशोब दिवसा करून ठेवा. आम्ही थेंबांच्या बाटलीवर लाल नेलपॉलिशचा ठिपका लावलाय.

आता जे सांगायचं टाळत होते ते. ऑगस्टमधला शुक्रवार, बाहेर धो धो पाऊस. ऑफिसातून आले तर पोरीचं अंग गरम. थर्मामीटरवर १०२. खोकला नाही, सर्दी नाही, जुलाब नाही. सासूबाई म्हणाल्या, दात येताहेत, दुसरं काय! काकूही तेच म्हणाल्या. कोपऱ्यावरचा केमिस्टही तेच म्हणाला. आणि खरं सांगते, मलाही तेच ऐकायचं होतं. सोमवारी क्लायंट येणार होता. दात म्हणजे सुट्टी घ्यायला नको, क्लिनिकच्या लायनीत बसायला नको, काळजी करायला नको. पॅरासिटामॉल दिलं की ताप उतरायचा, सहा तासांनी पुन्हा चढायचा. शनिवार गेला, रविवार गेला. सोमवारी पहाटे तिने दूध तोंडातच घेतलं नाही आणि डायपर रात्रभरात जेमतेम ओला. नवऱ्याने तिला उचललं, मी क्लायंटला मेसेज टाकला.

डॉक्टरांनी आधी हिरडी पाहिली, हसल्या आणि म्हणाल्या, ‘हा ताप दाताचा नाही. लघवी तपासू या.’ लघवीचं इन्फेक्शन निघालं. एवढ्या लहान बाळात त्याचं तापाशिवाय दुसरं लक्षणच कधीकधी नसतं, आणि दुर्लक्ष झालं तर किडनीवर कायमचा व्रण राहू शकतो. अँटिबायोटिक सुरू झालं, दोन दिवसांत ताप गेला. मी मात्र तीन दिवस वाया घालवले होते, तेही थर्मामीटर हातात असताना.

नंतर वाचलं. अमेरिकेतल्या क्लीव्हलंड क्लिनिकने २००० साली एक अभ्यास छापला होता. १२५ बाळांच्या आईबापांनी रोज नोंदी ठेवल्या, त्यात ४७५ दात आले. दात फुटायच्या आधीचे चार दिवस, तो दिवस आणि नंतरचे तीन दिवस, एवढ्यात बाळं जास्त चावतात, लाळ गाळतात, किरकिर करतात, कान चोळतात, अंग किंचित कोमट होतं. पण जास्त ताप, उलट्या, जुलाब यांचा दाताशी संबंध दिसला नाही. मग सगळ्यांच्या अनुभवात दात आणि आजारपण एकदम कसं? कारण सहाव्या महिन्याच्या सुमारास आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती ओसरते, बाळ फरशीवरची चप्पलसुद्धा तोंडात घालतं आणि वरचं खाणं सुरू होतं. त्यातून मुंबईचा पावसाळा म्हणजे मलेरिया आणि डेंग्यू. दात बिचारा त्याच वेळी येतो आणि सगळं त्याच्या नावावर खपतं. इंग्लंडमध्ये १८३९ साली पाच हजारांवर मृत्यूंच्या नोंदीत कारण लिहिलं होतं, ‘दात येणे’.

तेव्हापासून फ्रिजवर आमच्याकडे एक चिठ्ठी आहे, सासूबाईंच्या अक्षरात: १००.४ च्या वर ताप असेल तर दात नाही, डॉक्टर. दूध पीत नसेल, मलूल असेल, लघवी कमी असेल, आकडी आली, तर सकाळची वाट बघायची नाही. खाली त्यांनी डॉक्टरांचा नंबर मोठ्या अक्षरात लिहिलाय, चष्म्याशिवाय दिसेल असा.

आणि दात? तो आला सप्टेंबरमधल्या एका रविवारी. ताप नाही, काही नाही. सासूबाई तिला वरणभात भरवत होत्या, आणि स्टीलच्या चमच्यावर ‘टक्’ असा आवाज झाला. त्यांनी पुन्हा चमचा लावला. पुन्हा टक्. सगळं घर तो आवाज ऐकायला जमलं. खालचा, डावीकडचा. वरचा दात आधी आला तर मामाला जड जातो म्हणतात, म्हणून सासूबाईंनी पहिला फोन माझ्या भावाला बोरिवलीला लावला. तो झोपेतून उठून म्हणाला, ‘म्हणजे मी सुटलो ना? बरं मग, आता झोपू का?’