छापील किमतीआडचा व्यवहार

औषधे स्वस्त झाली की औषधविक्रेता बुडतो, हे विधान अर्धेच सत्य आहे. मधुमेह, रक्तदाब यांसारखे जन्माचे सोबती झालेले विकार आज घरोघरी आहेत आणि दरमहा तीच चिठ्ठी घेऊन येणाऱ्यांची संख्या वाढते आहे. मात्र पट्टी शंभर रुपयांची असो वा वीस रुपयांची, ती काढून देण्याचे, मुदत तपासण्याचे श्रम तेवढेच. शंभरावर वीस टक्के म्हणजे वीस रुपये. विसावर अवघे चार. कमाई टिकवायची तर पाचपट विक्री हवी. जागेचे भाडे, फार्मासिस्टचे वेतन आणि इन्शुलिनसाठी अहोरात्र चालणारा फ्रीज तोवर थांबत नाहीत. 2008 मध्ये सुरू झालेल्या जनऔषधी योजनेत केंद्रचालकाला 20 टक्क्यांखेरीज प्रोत्साहनपर रक्कम द्यावी लागते, ती याचमुळे.

परंतु ‘जेनेरिक’ या नावाखाली बाजारात दुसराच व्यवहार चालतो. डॉक्टरांकडे प्रतिनिधी न पाठवता काही कंपन्या माल थेट दुकानदाराला अल्प दरात देतात आणि वेष्टनावर किंमत छापतात ती भरमसाट. वाचलेला पैसा रुग्णाकडे न जाता गल्ल्यात जातो. 2013 च्या किंमत नियंत्रण आदेशाने आवश्यक औषधांच्या कमाल किमतीत किरकोळ विक्रेत्यासाठी 16 टक्के धरले आहेत. यादीबाहेरच्या औषधांची मूळ किंमत मात्र कंपनीच ठरवते, सरकार केवळ वर्षाला 10 टक्क्यांहून अधिक वाढ रोखते. 2019 मध्ये 42 कर्करोगविरोधी औषधांवरील व्यापारी नफा 30 टक्क्यांवर रोखला गेला. म्हणजे इच्छा असेल तर हे करता येते.

विक्रेत्याने मनात आणले तरी अनुसूची ‘एच’मधील औषध चिठ्ठीवरील नावाऐवजी दुसरे देता येत नाही, 1945 च्या नियमावलीची तशी मनाई आहे. मूळ नाव लिहिण्याची सक्ती राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ऑगस्ट 2023 मध्ये आणली आणि त्याच महिन्यात स्थगित केली. गुणवत्तेची खात्री कोण देणार, हा डॉक्टरांचा आक्षेप अगदीच निराधार नव्हता.

टक्केवारीऐवजी प्रत्येक औषधामागे ठरावीक सेवाशुल्क, ही पद्धत ब्रिटनमध्ये रूढ आहे. तेथे ते शुल्क सरकारी आरोग्यसेवा देते. आपल्याकडे बहुतेक औषधखर्च कुटुंबाच्याच खिशातून होतो. तेव्हा असे शुल्क लावायचे, तर छापील किंमत आधी खाली आणावी लागेल.