चीक मोरीत ओतणाऱ्या घरात धम्म पोहोचला का?

गेल्या पावसाळ्यात आम्ही एका वस्तीत बाळंतिणीला भेटायला गेलो होतो. भिंतीवर बुद्ध, बाबासाहेब, रमाई. घरातला मुलगा आमच्याच अभ्यासवर्गातला, मनुस्मृतीवर तासभर न थांबता बोलणारा. आणि आतल्या खोलीत त्याची आई सुनेचा चीक वाटीत पिळून मोरीत ओतत होती. "पयलं दूध जड असतंय, लेकराला बाधतंय," ती म्हणाली. बाळाच्या तोंडात कापसाच्या बोळ्यानं गुळाचं पाणी चाललं होतं. आम्ही बोलायला लागलो, तर तो मुलगाच हळू आवाजात म्हणाला, "ताई, बायकांच्या गोष्टी आहेत, जाऊ द्या."

जाऊ दिलं नाही, म्हणून हा लेख.

आधी विज्ञान काय म्हणतं ते पाहू. पोटातलं बाळ जंतूंच्या बाबतीत जवळजवळ कोरं असतं. केंब्रिजच्या संशोधकांनी पाचशेहून जास्त बाळंतिणींच्या वारेची तपासणी केली. 2019 साली त्यांनी जाहीर केलं की निरोगी वारेत जंतूंची वस्ती सापडत नाही. जंतू मिळतात ते जन्माच्या वाटेवर, आईच्या आतड्यातून, कातडीवरून, दुधातून. दुधाचं प्रकरण तर थक्क करणारं आहे. आईच्या दुधात लॅक्टोज आणि चरबीच्या खालोखाल जास्त प्रमाणात असते ती एका जातीची गुंतागुंतीची साखर, आणि ती बाळाला पचतच नाही. मग आईचं शरीर एवढी शक्ती खर्चून ती बनवतं कशाला? ती बाळासाठी नसतेच. ती बाळाच्या आतड्यातल्या बायफिडोबॅक्टेरियम नावाच्या जंतूंचं अन्न असते. ते जंतू ती खातात, आतड्यात आम्लता तयार करतात आणि रोगजंतूंना जागा उरू देत नाहीत. म्हणजे आई एकाच वेळी दोघांना पाजत असते, बाळाला आणि बाळाच्या राखणदारांना.

चिकात हे सगळं घट्ट भरलेलं असतं. शिवाय त्यात आईनं आयुष्यभर झेललेल्या रोगांविरुद्धची प्रतिद्रव्यं असतात. त्या वस्तीतलं पाणी, तिथलं गटार, तिथले आजार, सगळ्यांशी झुंजून तिच्या शरीरानं जे कमावलं ते ती पहिल्या दोन-तीन दिवसांत बाळाच्या हाती देते. आमच्या लोकांकडे सातबारा नव्हता, वाडा नव्हता. वारशात देण्यासारखं जे थोडं होतं त्यातलं हे एक, आणि तेच आपण मोरीत ओततो.

आता "बायकांच्या गोष्टी" हा शब्द तपासू. चीक घाण आहे, बाळंतीण विटाळलेली आहे, अमुक दिवस तिला शिवायचं नाही, ही कल्पना आली कुठून? ज्या डोक्यातून सोयर निघालं त्याच डोक्यातून अस्पृश्यता निघाली. शरीरातून जे बाहेर पडतं ते अपवित्र, आणि ते जो हाताळतो तो खालचा. म्हणून तर गावाची सुईण बहुतेक ठिकाणी मांगवाड्यातली किंवा महारवाड्यातली असायची. सवर्णांच्या लेकरांची नाळ तिनं कापायची, वार तिनं पुरायची आणि अंगण ओलांडलं की पुन्हा तिची सावली नको. आम्ही 1956 साली त्या व्यवस्थेचा धर्म सोडला. पण तिचा विटाळ बाळंतिणीच्या बाजेखाली लपून आमच्याच घरात राहिला. त्याला कुणी बावीस प्रतिज्ञा वाचून दाखवल्या नाहीत.

दुसरीकडे शहरात गर्भसंस्काराचे वर्ग भरतात. फी घेऊन श्लोक ऐकवतात आणि गर्भात तेजस्वी, संस्कारी संतान घडवण्याची हमी देतात. हीच मंडळी आता जंतूंचं शास्त्र हातात घेऊन म्हणू लागतील, "बघा, आईकडून सगळं उतरतं हे आम्ही आधीच सांगितलं होतं." सावध राहा. जंतू गोत्र बघून उतरत नाहीत. आईच्या ताटात काय आहे, तिनं कोणती औषधं घेतली, घरात पाणी कुठलं येतं, यावर ते बदलतात. जे बदलतं त्याला जात म्हणत नाहीत.

आणि या शास्त्राची काठी करून आईलाच झोडपणारेही निघतील. सिझेरियन झालेल्या बाळांना आईचे काही जंतू सुरुवातीला मिळत नाहीत आणि दवाखान्यातले मिळतात, हे खरं आहे. इंग्लंडमधल्या सुमारे सहाशे बाळांच्या अभ्यासात 2019 साली ते दिसलं. पण बाळ वरचं खाऊ लागेपर्यंत तो फरक बराचसा भरून निघतो, हेही त्याच अभ्यासात आहे. सिझेरियननं जीव वाचतात. आमचा प्रश्न वेगळा आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (2019-21) सरकारी दवाखान्यांत सिझेरियनचं प्रमाण 14.3 टक्के आणि खासगीत 47.4 टक्के निघालं. खासगी दवाखान्याच्या पायरीवर बाईचं शरीर एकदम तिपटीनं अवघड होतं काय? त्याच पाहणीत देशातल्या निम्म्याहून जास्त बाळांना जन्मानंतर तासाभरात अंगावर पाजलेलं नाही. याला एकट्या सासूचा अंधविश्वास जबाबदार कसा?

म्हणून उसाच्या फडाकडे या. नवरा-बायको मिळून एक कोयता, दोघांची उचल एकत्र, खाडा पडला की दंड. तिथली बाई आठवडाभरात पुन्हा मोळ्या उचलते. तान्हं बाळ कोपीत कुणातरी मोठ्या पोरीच्या मांडीवर. तिला सांगा की सहा महिने फक्त अंगावर पाज, त्यात बाळाच्या जंतूंचं भलं आहे! ती तुमच्याकडे बघेल आणि कामाला लागेल. सव्वीस आठवड्यांची पगारी प्रसूती रजा 2017 साली कायद्यात आली, पण ती दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांतल्या बायकांना. फडातल्या बाईचा मालक कागदावर सापडतच नाही, सापडतो तो मुकादम. तिच्या वाट्याला पहिल्या बाळासाठी पाच हजारांची योजना. तीही आधार आणि बँक खातं जुळलं तर.

1928 साली मुंबईच्या कायदेमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकाच्या बाजूनं बाबासाहेब उभे राहिले. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे देशाच्या हिताचं आहे आणि त्याचा भार सरकारनं सोसला पाहिजे, ही त्यांची मांडणी होती. तेव्हा जंतूंचं हे शास्त्र जन्मलंही नव्हतं. पण त्या माणसानं दोनच वर्षं आधी राजरत्न गमावला होता. गंगाधर, रमेश, इंदू त्याआधीच गेले होते. जयंतीच्या मिरवणुकीत हे कुणी सांगतं का? रमाईंच्या चार लेकरांची नावं आमच्या किती पोरांना येतात?

आमच्यातले काही शिकलेले लगेच दुकानात धावतील, बाळासाठी प्रोबायोटिक कुठलं चांगलं म्हणून. थांबा. ओडिशातल्या साडेचार हजार नवजात बाळांवरचा अभ्यास 2017 साली प्रसिद्ध झाला. ठरावीक जंतू आणि त्याचं अन्न सात दिवस दिल्यावर जंतुसंसर्ग आणि मृत्यू मिळून 40 टक्के कमी झाले. मोठी गोष्ट आहे. पण ती बाळं आईच्या दुधावर होती, त्यांच्यावर देखरेख होती आणि जंतू नेमका निवडलेला होता. दुकानातली कुठलीही पुडी म्हणजे ते औषध नव्हे. उलट ढाक्याच्या झोपडपट्टीतल्या कुपोषित मुलांसाठी संशोधकांनी आतड्यातले जंतू सावरणारा जो आहार तयार केला, त्यात हरभऱ्याचं पीठ, शेंगदाणा, सोयाबीन आणि कच्चं केळं होतं. ही पिकं आपल्याच माणसांच्या हातून निघतात. अंगणवाडीच्या पाकिटात काय येतं ते एकदा उघडून बघा आणि ग्रामसभेत विचारा.

त्या घरी आम्ही दुसऱ्या दिवशी आशाताईंना घेऊन गेलो. म्हातारीशी वाद घातला नाही, जवळ बसलो. तिनं सांगितलं की तिची पहिली दोन लेकरं जगली नाहीत आणि तिसऱ्याच्या वेळी ती पाचव्या दिवशी खुरपायला गेली होती. "मला कुणी सांगितलंच न्हाई," म्हणाली. गुळपाण्याची वाटी तिनंच उचलून ठेवली. पुढच्या रविवारच्या अभ्यासवर्गाचा विषय आता हाच आहे. त्या मुलाला निरोप गेलाय, येताना आईला घेऊन ये. बोलणार ती आहे.