वाळूत चाक रुतते तेव्हा

जैसलमेरहून समच्या वाळूच्या टेकड्या सुमारे ४० किलोमीटरवर आहेत. रस्ता डांबरी, म्हणून आम्ही पतिपत्नींनी जीपऐवजी १०० सीसीची मोटरसायकल भाड्याने घेतली. वाटेत एके ठिकाणी वाऱ्याने रस्त्यावर वाळूचा पट्टा आणून टाकला होता. चाक त्यात शिरताच घाबरून मी पुढचा ब्रेक दाबला. चाक आडवे झाले आणि आम्ही दोघेही रस्त्याच्या कडेला! वेग कमी होता, दोघांच्याही डोक्यावर हेल्मेट होते, म्हणून गुडघे सोलवटण्यावरच निभावले.

तेवढ्यात दुधाचे दोन कॅन लटकवलेली तशीच छोटी मोटरसायकल घेऊन एक दूधवाला कच्च्या वाटेने आला. आमची गाडी उचलून देत त्याने टायरवर अंगठा दाबला आणि हसून म्हणाला, ''साहेब, घोड्याचा खूर लावून उंटाच्या मुलखात आलात!''

त्याचे म्हणणे खरे होते. घोड्याचा खूर लहान व कडक, तो वाळूत रुततो. उंटाचा तळवा रुंद व मऊ, तो टेकताच पसरतो व भार वाटला जातो. टायरचेही तसेच आहे.

हवा किती हवी?

१०० सीसीच्या गाडीत एकट्यासाठी साधारणपणे पुढे २५ व मागे २८ पौंडांच्या आसपास हवा ठेवतात. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत पाहावा. मऊ वाळूत ती १५ ते १८ पौंडांपर्यंत उतरवली की टायर पसरतो व गाडी तरंगल्यासारखी चालते. मात्र याहून कमी केल्यास टायर रिमवर सरकून ट्यूबचा व्हॉल्व्ह तुटू शकतो. डांबरी रस्त्यावर परतताच हवा पुन्हा भरलीच पाहिजे. म्हणून हवेचा पंप सोबत नसेल, तर हवा काढूच नका.

कोणते टायर घ्यावेत?

छोट्या गाडीच्या टायरवर बहुधा २.७५-१८ असे माप असते. म्हणजे रुंदी २.७५ इंच व रिमचा व्यास १८ इंच. अनेक गाड्यांच्या पुढच्या टायरवर उभ्या रेघांची नक्षी असते. ती रस्त्यावर उत्तम, पण वाळूत पकड धरत नाही. जाड, सुट्या ठोकळ्यांचे 'बटन टायर' वाळू मागे ढकलून गाडी पुढे नेतात, पण डांबरी रस्त्यावर ते आवाज करतात, लवकर झिजतात आणि पावसात ब्रेक लावताना दगा देऊ शकतात. रोजचे येणेजाणे डांबरी रस्त्यावरूनच असेल, तर दोन्हीच्या मधल्या नक्षीचे टायर घ्यावेत. हौसेखातर फार रुंद टायर बसवू नयेत, ते मडगार्डला किंवा साखळीला घासतात. बाजूवरचा चार आकडी शिक्का जरूर वाचा. '२३२४' म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा.

चालवायचे कसे?

वाळूचा पट्टा दिसताच डांबरावर असतानाच, गाडी सरळ ठेवून वेग कमी करा. वाळूत शिरल्यावर मात्र पुढच्या ब्रेकला हात लावू नका. अॅक्सिलरेटर एकदम सोडला तरी भार पुढच्या चाकावर येऊन ते रुतते. म्हणून तो एकसारखा धरा, अंग थोडे मागे न्या, हँडल घट्ट आवळू नका व नजर चाकाजवळ न ठेवता दूर ठेवा. हँडल थोडे डुलणारच, त्याच्याशी झगडू नका.

चाक रुतलेच, तर ते जागच्या जागी फिरवू नका, खड्डा वाढेल. खाली उतरा, चाकापुढची वाळू हाताने बाजूला करा आणि हलक्या अॅक्सिलरेटरवर गाडी ढकलत बाहेर काढा. उभी करताना स्टँडखाली सपाट दगड ठेवा.

समुद्रकिनाऱ्यावर हे प्रयोग करू नयेत. गोव्यात किनाऱ्यावर वाहन चालवण्यास बंदी आहे, कोकणच्या काही किनाऱ्यांवर कासवे अंडी घालतात आणि खारे पाणी गाडीही गंजवते.

सर्वांत महत्त्वाचे, मागे बसणाऱ्याला वाळूपुरते खाली उतरवा. त्या दिवशी पुढचे सगळे पट्टे माझी पत्नी चालत आली. मला जरा ओशाळल्यासारखे झाले, पण ती म्हणाली, ''पडण्यापेक्षा चालणे बरे.''

आणि हो, वाळू भेटायला वाळवंटातच जावे लागत नाही. शेजारी बांधकाम सुरू असले की गल्लीच्या वळणावरही ती पसरलेली असते. तुमचा मुलगा किंवा मुलगी नुकतीच गाडी शिकली असेल, तर ते वळण आज संध्याकाळी तिला जरूर दाखवा.