दवंडी कोणाच्या कानीं?

खेड्यांत दवंडी पिटली जात असे तो काळ आमच्या पिढीनें लहानपणीं ओझरता पाहिला आहे. दिवेलागणीला हलगी वाजे, कोतवाल चावडीपासून निघून आळीआळीनें फिरे, आणि सरकारचा हुकूम काय आहे तें चुलीपुढें बसलेल्या म्हातारीच्याही कानीं पडे. जुन्या राजवटींतला हुकूम पुष्कळदां अन्यायाचा असे. कधीं साऱ्याचा, कधीं वेठीचा. त्या राजवटीचे गोडवे गाण्याचा येथें मुळींच हेतु नाहीं. परंतु 'आम्हांला ठाऊक नव्हतें' असें म्हणण्याची सोय लोकांना उरूं नये, एवढी काळजी हुकूम सोडणारा तरी घेत असे. आजचे हुकूम पूर्वींच्यापेक्षां पुष्कळच शहाणे आहेत. ते लोकांची हरकत मागतात, सूचना मागतात, मुदत देतात. फक्त ते लोकांच्या कानीं जात नाहींत.

एक घडलेली गोष्ट सांगतों. २०२२ च्या ऑगस्टमध्यें कोयनेच्या खोऱ्यांतून साताऱ्यास शिकावयास आलेला एक विद्यार्थी कांहीं छापील पानें घेऊन माझ्याकडे आला. पश्चिम घाटांतील पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्रासंबंधीं केंद्र सरकारनें ६ जुलै रोजीं काढलेल्या मसुद्याचीं तीं पानें होतीं. "सर, ह्यांत आमच्या गांवाचें नांव आहे. जमीन जाणार कीं राहणार, एवढेंच सांगा," असें तो म्हणाला. मीं पानें ठेवून घेतलीं आणि, खोटें कशाला बोलावें, उत्तरपत्रिकांच्या ढिगाखालीं तीं आठ दिवस पडूं दिलीं. पुढें वाचावयास बसलों तेव्हां, जन्मभर इंग्रजी शिकविणाऱ्या मलाही त्यांचा अर्थ लावण्यास दोन रात्री लागल्या. अर्थ लागला तो असा कीं, शेतकऱ्याच्या नांगराला त्यांत बंदी नाहीं, राहत्या घराच्या दुरुस्तीला बंदी नाहीं, कोणाची जमीन काढून घेण्याची तरतूद नाहीं. बंदी आहे ती खाणींना, दगड आणि वाळूच्या उपशाला, नव्या औष्णिक वीजकेंद्रांना, अति प्रदूषण करणाऱ्या 'लाल' वर्गांतील नव्या कारखान्यांना आणि वीस हजार चौरस मीटर व त्याहून मोठ्या नव्या बांधकामांना. हें मीं त्याला सांगितलें तेव्हां तो बराच वेळ कांहीं बोलला नाहीं. त्याच्या वडिलांनीं आदल्याच आठवड्यांत डोंगराकडच्या दीड एकराचा इसार घेतला होता. सरकार जमीन घेणारच आहे, तर निदान आतां चार पैसे पदरांत पाडून घ्या, असें एका दलालानें त्यांना पटविलें होतें. पानें माझ्या टेबलावर पडलीं होतीं तो हा आठवडा.

ह्यांत माझा दोष आहे तो मीं पदरीं घेतलाच आहे. परंतु शेतकऱ्याच्या जमिनीचें भवितव्य एखाद्या प्राध्यापकाच्या सवडीवर अवलंबून राहावें, ही पद्धति कोणीं निर्माण केली? पश्चिम घाटाविषयींचा पहिला मसुदा १० मार्च २०१४ रोजीं निघाला आणि सहावा ३१ जुलै २०२४ रोजीं. सहाव्यांत सहा राज्यांतील ५६,८२५ चौरस किलोमीटर प्रदेश धरला असून त्यांपैकीं १७,३४० चौरस किलोमीटर महाराष्ट्रांत आहे. साताऱ्याचे पाटण, जावळी, महाबळेश्वर आणि सांगलीचा शिराळा ह्या तालुक्यांतील अनेक गांवें त्यांत येतात. हरकतींसाठीं दर वेळीं साठ दिवस. आणि ते मोजावयाचे राजपत्रांत मसुदा प्रसिद्ध झाल्या दिवसापासून. हें राजपत्र १ ऑक्टोबर २०१५ पासून कागदावर छापलें जात नाहीं. तें संगणकाच्या पडद्यावर निघतें, आणि तेंही हिंदी व इंग्रजी ह्या दोन भाषांत. खेड्यांतील माणसाला त्यांत ओळखीचा असा एकच शब्द सांपडतो, तो म्हणजे आपल्या गांवाचें नांव. त्या नांवाच्या आगेंमागें काय लिहिलें आहे तें कळत नाहीं, म्हणून भीति उत्पन्न होते. आणि भीतीच्या मागोमाग दलाल येतो.

ह्या प्रकरणाचा आरंभच मुळीं लपवाछपवींत झाला. डॉ. माधव गाडगीळ ह्यांच्या अध्यक्षतेखालील समितीनें आपला अहवाल २०११ च्या ऑगस्टमध्यें सरकारला दिला. कोणत्या भागास किती संरक्षण द्यावें हें ग्रामसभांशीं विचारविनिमय करून ठरवावें, असा त्या अहवालाचा आग्रह होता. तोच अहवाल लोकांपुढें येण्यास मात्र माहितीच्या अधिकाराचा कायदा आणि दिल्ली उच्च न्यायालय ह्या दोघांचें साहाय्य घ्यावें लागलें, आणि तो २०१२ चा मे महिना उजाडल्यावर उघड झाला. ज्यांना विचारा म्हणून समिति सांगत होती, त्यांच्यापासूनच तिचें सांगणें दडवून ठेवलें होतें.

कायदा ठाऊक नव्हता ही सबब न्यायालयांत चालत नाहीं, हें आपण सर्वजण जाणतों. पण ह्या नियमाला दुसरी बाजू आहे, आणि ती सर्वोच्च न्यायालयानें १९५१ सालींच सांगून ठेविली आहे. 'हारला विरुद्ध राजस्थान' ह्या खटल्यांत जयपूर संस्थानचा १९२३ चा अफूविषयक कायदा न्यायालयापुढें आला होता. मंत्रिमंडळाच्या ठरावानें तो झाला होता, परंतु कोठेंही प्रसिद्ध झाला नव्हता. तो कायदा अंमलांत आलाच नाहीं, असा न्यायालयानें निवाडा दिला; कारण जें कळण्याचा मार्गच लोकांना ठेवलेला नाहीं, त्यासाठीं त्यांना शिक्षा करणें नैसर्गिक न्यायास सोडून आहे. आतां माझा साधा प्रश्न असा आहे: जो हुकूम प्रसिद्ध झाला, परंतु ज्याच्यासाठीं तो काढला त्याला वाचतां येणार नाहीं अशा भाषेंत झाला, तो खरोखर कितीसा प्रसिद्ध झाला?

ह्यावर सरकारपक्षाचें उत्तर काय असतें तें २०२० सालीं दिसून आलें. त्या वर्षीं पर्यावरण-परिणाम मूल्यांकनाच्या नियमांचा नवा मसुदा, देश टाळेबंदींत असतांना, प्रसिद्ध झाला. तो राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचींतील बावीसही भाषांत दहा दिवसांत आणावा, असा आदेश दिल्ली उच्च न्यायालयानें ३० जून रोजीं दिला आणि हरकतींची मुदत ११ ऑगस्टपर्यंत वाढविली. केंद्र सरकारनें भाषांतराला हात घालण्याऐवजीं सर्वोच्च न्यायालयाचें दार ठोठावलें. १९६३ च्या राजभाषा कायद्यानें हिंदी आणि इंग्रजी एवढ्या दोनच भाषांचें बंधन घातलें आहे, असा हा युक्तिवाद आहे. अक्षरार्थानें तो खराही आहे. परंतु दोन भाषा असल्याच पाहिजेत असें सांगणारा कायदा तिसरी असूं नये असें कोठें सांगतो? उलट, १९७३ सालीं संसदेनेंच केंद्रीय कायदे व नियम ह्यांच्या प्रादेशिक भाषांतील अधिकृत भाषांतरांसाठीं स्वतंत्र कायदा करून ठेविला आहे. दार उघडें आहे. आंत जाण्याची इच्छा नाहीं.

दुसरा आक्षेप वेळेचा आणि खर्चाचा. २०१३ चा भूसंपादन कायदा केंद्राचाच आहे ना? त्याच्या अकराव्या कलमाप्रमाणें प्राथमिक अधिसूचना स्थानिक भाषेंत ग्रामपंचायतींत, तहसील कचेरींत आणि जिल्हाधिकाऱ्याच्या कचेरींत लावावी लागते, आणि ज्या दोन दैनिकांत ती द्यावयाची त्यांतील एक प्रादेशिक भाषेंतलें असावें लागतें. जमीन घेतांना जें साधतें, तें जमिनीच्या वापरावर बंधन घालतांना अशक्य कसें होतें? युरोपीय संघ आपलें राजपत्र चोवीस भाषांत काढतो. त्यांतील माल्टाच्या भाषेचे बोलणारे आपल्या एखाद्या जिल्ह्यांतील मराठी भाषकांहूनही थोडे आहेत. तिसरा आक्षेप असा कीं, भाषांतरानें अर्थ पालटतो. मग वादाच्या वेळीं मूळ मजकूर प्रमाण मानावा असें खालीं एका ओळींत लिहावें, म्हणजे झालें. अर्थ थोडा पालटण्याच्या भयानें अर्थच कळूं न देणें, हें बाळाला सर्दी होईल म्हणून अंघोळच न घालण्यासारखें आहे.

सूचना देण्याचा कंटाळा एकदां अंगीं मुरला म्हणजे तो कोठवर जातो, ह्याचेंही उदाहरण ताजें आहे. १९८६ च्या पर्यावरण-संरक्षण नियमांत, लोकहितासाठीं आवश्यक वाटल्यास पूर्वसूचनेला फांटा देण्याची सवलत सरकारला दिलेली आहे. २८ मार्च २०२० रोजीं ह्या सवलतीचा आधार घेऊन, रस्ते, नळयोजना अशा लांबवर जाणाऱ्या कामांसाठीं साधी माती काढण्यास पर्यावरण-मंजुरींतून सूट देण्यांत आली. २१ मार्च २०२४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें ही सूट रद्द केली; लोकांना न विचारण्यांत कोणतें लोकहित होतें, ह्याचें कारण सरकारला दाखवितां आलें नव्हतें. पण मधल्या चार वर्षांत जी माती डोंगरावरून खालीं उतरली ती निकालानें परत वर जात नाहीं.

डोंगराची माती खालीं येणें म्हणजे काय, हें पाटणकरांना पुस्तकांतून शिकावें लागत नाहीं. २०२१ च्या जुलैमध्यें आंबेघर, मिरगांव, ढोकावळे ह्या गांवांवर दरडी कोसळून माणसें गाडलीं गेलीं. म्हणून ज्यांना वाटतें कीं लोकांना मराठींत समजावून सांगितलें तर ते संरक्षणाला विरोधच करतील, त्यांनीं एकदां त्या खोऱ्यांत जाऊन यावें. दरडीचें भय तेथील लोकांना आमच्यापेक्षां अधिक कळतें. त्यांचा विरोध असतो तो न कळलेल्या कागदाला. आणि ज्यांना खाणी हव्या असतात, ते ह्या न कळण्यावर आपली पोळी भाजून घेतात.

"खेडूत वाचणार आहे थोडाच?" असेंही आमच्यांतले शहाणे म्हणतात. ह्याच मुलखांत १९३९ सालीं औंधच्या राजेसाहेबांनीं, भवानराव पंतप्रतिनिधींनीं, आपण होऊन सत्ता प्रजेच्या हातीं दिली आणि बहात्तर गांवांच्या कारभाराचा पाया ग्रामपंचायत हा ठरविला. औंध आज सातारा जिल्ह्यांत आहे, त्या संस्थानचें आटपाडी सांगली जिल्ह्यांत आहे. त्या काळच्या निरक्षर शेतकऱ्यावर एका संस्थानिकानें जो विश्वास टाकला, तो आजच्या साक्षर शेतकऱ्यावर टाकण्यास प्रजासत्ताक कां कचरतें?

आतां कांहीं शब्द आपल्या स्वतःविषयीं. मराठी भाषांतर म्हणजे 'उपरोल्लिखित' आणि 'तदनुषंगानें' ह्यांची माळ असेल, तर तेंही न वाजलेल्या हलगीसारखेंच होय. शिवछत्रपतींच्या आज्ञेनें 'राज्यव्यवहारकोश' झाला. महाराष्ट्र राज्यानें १९६० पासून भाषा संचालनालय चालविलें आहे. शब्द घडविण्याची हौस आपल्याला जुनी आहे, ते चावडीवर बसून समजावण्याची नाहीं. आणि इंग्रजी शिकून शहरांत स्थिरावलेल्या आम्हां पदवीधरांना तर हें मधलें अज्ञान सोयीचेंच वाटत आलें आहे. कारण त्यामुळें आमचें मोल टिकतें.

मागणी एकच आहे, आणि ती मोठी नाहीं. ज्या मसुद्यावर लोकांच्या हरकती हव्यात तो सोप्या मराठींत त्या त्या गांवच्या ग्रामसभेंत वाचला जावा, आणि साठ दिवसांचा पहिला दिवस त्या वाचनाचा धरावा. सरकारनें हें करीपर्यंत ज्यांना वाचतां येतें त्यांनीं वाट पाहूं नये. साताऱ्या-सांगलींतील प्रत्येक सुशिक्षित कुटुंबाचें कोणतें ना कोणतें मूळ गांव आहेच. त्या गांवाचें नांव पुढच्या यादींत आहे कीं नाहीं एवढें पाहावें, आणि असल्यास एका रविवारीं तेथें जाऊन तो कागद वाचून दाखवावा. माझ्या त्या विद्यार्थ्याच्या वडिलांनीं पुढें इसार परत केला नाहीं. दिलेला शब्द त्यांना मोडवला नाहीं. त्यांची मोजणी झाली त्या दिवशीं साठांतले कांहीं दिवस अजून शिल्लक होते.