निवृत्तीनंतरचा मंगळवार

महाराष्ट्र शासनाच्या सेवेतील बहुतेक कर्मचारी वयाच्या ५८ व्या वर्षी निवृत्त होतात, केंद्र शासनाच्या सेवेत ही मर्यादा १९९८ पासून ६० वर्षांची आहे, आणि जन्मतारखेवरून आधीच ठरलेल्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी शाल, श्रीफळ आणि सहकाऱ्यांची भाषणे होऊन नोकरीचा विषय संपतो. अमेरिकेत असे होत नाही. वयावरून नोकरीत भेदभाव करण्यास मनाई करणारा कायदा येथे १९६७ मध्ये झाला, १९८६ च्या दुरुस्तीने बहुतेक व्यवसायांतील सक्तीची निवृत्ती रद्द झाली, आणि त्यामुळे वैमानिकांसारखे मोजके अपवाद वगळता ‘आता पुरे’ हे ज्याचे त्यालाच ठरवावे लागते. हे स्वातंत्र्य मोठे आहे यात शंका नाही; परंतु जो दिवस तिकडे समाज ठरवतो आणि साजराही करतो, तो इकडे एकट्या माणसाचा निर्णय ठरतो आणि त्या निर्णयानंतर सुरू होणारे आयुष्य कसे घालवायचे हा प्रश्नही त्याच्या एकट्याच्याच वाट्याला येतो. या प्रश्नात आपल्या मराठी मंडळाचा वाटा काय असावा, याचा विचार करण्याची वेळ आता आली आहे.

मंडळाच्या सभासदांत सध्या दोन पिढ्या या टप्प्यावर किंवा त्याच्या पलीकडे आहेत. राष्ट्रीयत्वावर आधारलेला जुना कोटा रद्द करणाऱ्या कायद्यावर ३ ऑक्टोबर १९६५ रोजी स्वाक्षरी झाली आणि त्यानंतरच्या काळात जे डॉक्टर, अभियंते व संशोधक येथे आले त्यांच्यापैकी अनेक जण आज ऐंशीच्या घरात आहेत. दुसरी पिढी १९९० च्या कायद्याने निर्माण झालेल्या एच-१बी व्हिसावर आली, म्हणजे विशेष कौशल्याच्या कामासाठी एखाद्या कंपनीने पुरस्कृत केलेल्या तात्पुरत्या परवान्यावर; तिच्यातील पहिले लोक आता साठीला टेकले आहेत. या दुसऱ्या पिढीच्या बाबतीत नोकरीचा अर्थ पगारापुरता मर्यादित कधीच नव्हता. या परवान्यावर असलेल्या माणसाची नोकरी गेली तर सध्याच्या नियमानुसार त्याला साधारणपणे ६० दिवसांत दुसरी नोकरी शोधावी लागते, परवान्याचा प्रकार बदलून घ्यावा लागतो किंवा देश सोडावा लागतो. आणि ग्रीन कार्डाच्या रांगेत कित्येकांची दहा-दहा वर्षे अशाच टांगत्या अवस्थेत गेली. घराचे कर्ज, मुलांची शाळा, देशात राहण्याचा हक्क हे सर्व ज्या एका खुंटीला अडकवलेले होते ती खुंटी म्हणजे नोकरी. पुढे नागरिकत्व मिळाले तरी मनाला लागलेली ही सवय सुटत नाही, आणि म्हणून निवृत्तीचा विचार मनात आला की आर्थिक हिशेब पूर्ण जुळत असतानाही पायाखालची जमीन सरकल्यासारखे वाटते. या भीतीला हळवेपणा म्हणून मोडीत काढणे योग्य नाही. ती एका विशिष्ट कायद्याखाली जगलेल्या माणसांची रास्त भीती आहे.

आर्थिक बाजूबद्दल येथे विस्ताराने लिहिण्याचे कारण नाही, कारण त्या विषयात आपला समाज चोख आहे. सोशल सिक्युरिटी, म्हणजे वेतनातून कापलेल्या कराच्या बदल्यात मिळणारे सरकारी निवृत्तिवेतन, मिळण्यासाठी साधारण दहा वर्षांच्या कामाइतके ४० क्रेडिट लागतात; १९६० किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना ते पूर्ण रकमेने वयाच्या ६७ व्या वर्षी मिळते, ६२ व्या वर्षीच घेतले तर ३० टक्क्यांनी घटते आणि ७० पर्यंत थांबल्यास वाढते, हे सहलीला जमलेल्या कोणत्याही घोळक्यात तोंडपाठ असते. परंतु त्याच घोळक्यात ‘निवृत्तीनंतरच्या मंगळवारी सकाळी अकरा वाजता काय करणार’ असे विचारले तर उत्तरे विरळ होत जातात. प्रवास करू, वाचन करू, बाग करू ही उत्तरे खोटी नसतात, परंतु ती पहिल्या सहा महिन्यांची असतात.

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट ॲचली यांनी १९७६ मध्ये निवृत्तीच्या अवस्थांची जी मांडणी केली, तिचा येथे उपयोग होतो. निवृत्ती ही एका दिवसाची घटना नसून अनेक टप्प्यांची प्रक्रिया आहे असे त्यांचे म्हणणे होते: प्रथम सुट्टीसारखा उत्साहाचा काळ, मग भ्रमनिरासाचा, त्यानंतर आयुष्याची नव्याने मांडणी करण्याचा आणि अखेरीस स्थैर्याचा. प्रत्येक माणूस याच क्रमाने जातो असे नाही, आणि पुढच्या अभ्यासकांनी या चौकटीवर आक्षेपही घेतले आहेत; तथापि दुसरा टप्पा हा दोष नसून वाटेवरचा मुक्काम आहे, एवढे जरी त्यातून लक्षात आले तरी अनेक घरांतील मनस्ताप कमी होईल. जो गृहस्थ वर्षानुवर्षे पहाटे साडेपाचला उठून एडिसनहून न्यूयॉर्कची गाडी पकडत होता, तो ओळखपत्र आणि लॅपटॉप परत केल्यानंतरही साडेपाचलाच जागा होतो, चहा करून घेतो, फोनवर कार्यालयाचे ईमेल उघडायला जातो आणि ते बंद झाल्याचे त्याला पुन्हा आठवते. दहा वाजेपर्यंत त्याचे वर्तमानपत्र वाचून संपलेले असते. त्या वेळी पुण्यात उन्हाळ्याच्या दिवसांत संध्याकाळचे साडेसात वाजलेले असतात, म्हणून तो भावाला फोन लावतो. परंतु भावाच्या घरी तेव्हा दिवसभराची माणसे नुकतीच परतलेली असतात, स्वयंपाकाची घाई असते, आणि संभाषण पाच मिनिटांत आटोपते.

तिकडे राहिलेल्या भावाची निवृत्ती मुळातच वेगळी असते, ही गोष्ट तुलना करताना विसरली जाते. महाराष्ट्रातील शहरांत निवृत्तांच्या दिवसाला रस्त्यानेच एक आकार दिलेला असतो: सकाळची फेरी, बागेतील कट्टा, हास्यक्लब, ज्येष्ठ नागरिक संघाची बैठक, पासबुक भरून घेण्यासाठी बँकेची खेप, नोव्हेंबर आला की निवृत्तिवेतनासाठी द्यावयाचा हयातीचा दाखला. यांपैकी एकाही गोष्टीची वेळ ठरवून घ्यावी लागत नाही, घराबाहेर पडले की माणसे भेटतात. अमेरिकेच्या उपनगरात कामाच्या दिवशी अकरा वाजता पदपथावर कोणी दिसत नाही, आणि भेट हवी असेल तर ती ठरवावी लागते व तेथवर गाडी चालवत जावे लागते. वयपरत्वे रात्री गाडी चालवणे अवघड झाले की निम्मे कार्यक्रम सुटतात आणि दिवसाही चालवता येईनासे झाले की उरलेले. येथील एकाकीपणाचे मूळ माणसांच्या स्वभावापेक्षा घरांच्या आणि रस्त्यांच्या रचनेत अधिक आहे, आणि म्हणूनच त्यावर उपायही रचनेचाच शोधला पाहिजे.

घराच्या आत वेगळाच प्रश्न उभा राहतो आणि त्याबद्दल उघडपणे फारसे बोलले जात नाही. वानप्रस्थ, म्हणजे गृहस्थाश्रमानंतरचा तिसरा आश्रम, सांगताना मनुस्मृतीने वयाचा आकडा दिलेला नाही. सुरकुत्या, पांढरे केस आणि नातवंड अशी लक्षणे सांगितली आहेत, आणि पत्नीला मुलांकडे सोपवावे किंवा तिच्यासह वनात जावे असे दोन पर्याय पतीपुढे ठेवले आहेत. तिचे मत काय, हा प्रश्न तेथे उद्भवत नाही. परंतु आजच्या घरात तो पहिला आहे. जिने स्वतः तीस वर्षे नोकरी केली तिची नोकरी संपली तरी स्वयंपाकघर संपत नाही. जी घरी होती तिचे नऊ ते पाच हे तास तिचे स्वतःचे होते. त्या वेळेत तिचा रियाज होता, मैत्रिणींचे फोन होते, दुपारी कालच्या भाजीबरोबर उभ्यानेच खाल्लेली एक पोळी होती. आता दुपारी बाराला गरम जेवणाची अपेक्षा असते, चहाच्या दोन फेऱ्या वाढतात, आणि मदत करण्याच्या प्रामाणिक इच्छेने डाळी-तांदळाचे डबे फळीवर अकारविल्हे लावले जातात, त्यामुळे फोडणी जळू लागली असताना हिंगाची डबी सापडत नाही. हा प्रसंग क्षुल्लक नाही. ज्या ठिकाणी एका व्यक्तीची सत्ता आणि शिस्त होती तेथे दुसरी व्यक्ती पूर्ण वेळ येऊन राहिली आहे, आणि दोघांपैकी कोणाचेही चुकलेले नाही. आठवड्यातील दोन दिवसांचा संपूर्ण स्वयंपाक, खरेदीपासून भांड्यांपर्यंत, पतीने स्वतःच्या पद्धतीने करावा आणि उरलेल्या दिवशी ओट्यापाशी सूचना करू नयेत, ही वाटणी ज्या घरांत ठरली आहे तेथे पहिले वर्ष पुष्कळ सुसह्य जाते. नातवंडांचा सांभाळ हा आनंद आहेच; परंतु तो आजी-आजोबांना विचारून ठरावा, त्यांना वेळ आहे म्हणून गृहीत धरला जाऊ नये.

वर्षाचे चार-पाच महिने, बहुधा नोव्हेंबर ते मार्च, पुण्या-मुंबईत किंवा नाशकात काढण्याचा मार्ग अनेकांनी निवडला आहे. ओसीआय कार्डामुळे, म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणाऱ्या आजीवन प्रवेशाच्या परवान्यामुळे, तो सोपाही झाला आहे. येथे एक धोका मात्र सर्वांनी ध्यानात ठेवावा. मेडिकेअर, म्हणजे ६५ वर्षांवरील लोकांसाठीचा सरकारी आरोग्यविमा, काही मोजके अपवाद सोडता अमेरिकेबाहेरच्या उपचारांचा खर्च देत नाही, त्यामुळे भारतातील मुक्कामासाठी वेगळा विमा घ्यावाच लागतो. दुसरीकडे, भारतात उपयोग नाही म्हणून डॉक्टरांचा खर्च भागवणारा मेडिकेअरचा ‘पार्ट बी’ वेळेवर घेतला नाही, तर उशिराच्या प्रत्येक पूर्ण बारा महिन्यांमागे हप्ता १० टक्क्यांनी वाढतो आणि ही वाढ सहसा कायमची असते. पासष्टीनंतरही नोकरीच्या विम्यावर असलेल्यांना नोकरी सुटल्यापासून आठ महिन्यांची सवलत मिळते. परंतु नोकरीनंतर स्वतः पैसे भरून चालू ठेवलेला कंपनीचा जुना विमा, ज्याला ‘कोब्रा’ म्हणतात, त्यामुळे ही मुदत लांबत नाही, आणि नेमके याच ठिकाणी शहाणीसुरती माणसे फसतात.

निवृत्तीनंतरच्या कर्तृत्वाचा विषय निघाला की महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे नाव घेतले जाते, आणि ते योग्यच आहे. ते फर्ग्युसन महाविद्यालयातून १९१४ मध्ये निवृत्त झाले, १९१६ मध्ये वयाच्या ५८ व्या वर्षी त्यांनी महिला विद्यापीठ स्थापन केले, सत्तरी उलटल्यावर १९२९ मध्ये ते परदेश दौऱ्यावर निघाले व अमेरिकेतही आले, आणि १९३६ मध्ये खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठी त्यांनी नवी संस्था काढली. परंतु या उदाहरणाने निवृत्तांना लाजवण्याची जी रीत पडली आहे ती अन्यायाची आहे. कर्व्यांचे काम निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी उगवलेले नव्हते. १८९६ पासून, म्हणजे प्राध्यापकीच्या ऐन काळात, ते विधवांच्या आश्रमाचा व्याप सांभाळत होते. या उदाहरणाचे महत्त्व पंचावन्नाव्या वर्षी अधिक आहे, सत्तराव्या वर्षी कमी. समाजशास्त्रज्ञ डेव्हिड एकर्ड्ट यांनी १९८६ मध्ये एका लेखात असे दाखवून दिले की नोकरी संपल्यावर तिची नीतिमूल्ये माणूस व्यग्रतेवर चढवतो आणि ‘अजिबात वेळ मिळत नाही’ असे सांगण्यातच आपली प्रतिष्ठा मानू लागतो. आपल्याकडे हा दबाव मोठा आहे, आणि ज्याला दुपारी निवांत पडून रेडिओ ऐकायचा आहे त्याला ते अपराधी न वाटता करता आले पाहिजे.

हे सर्व मंडळाच्या वार्तापत्रात लिहिण्याचे कारण असे, की उत्तर अमेरिकेतील मराठी मंडळे नोकरदारांनी नोकरदारांसाठी उभारली आणि त्यांची दिनदर्शिका अजूनही तशीच आहे. गणेशोत्सव चतुर्थीला न होता जवळच्या शनिवारी होतो, दिवाळीचा कार्यक्रम दूरच्या शाळेच्या सभागृहात होतो आणि रात्री उशिरा संपतो. नोकरी असलेल्यांसाठी हे बरोबरच आहे. निवृत्तांना मात्र शनिवार-रविवारची उणीव नसते, कारण त्या दिवशी मुले येतात. त्यांचे रिकामे दिवस सोमवार ते शुक्रवार असतात, आणि त्या पाच दिवसांत मंडळ अस्तित्वातच नसते. या मंडळांच्या मध्यवर्ती संस्थेने, म्हणजे बृहन्महाराष्ट्र मंडळाने, ‘उत्तररंग’ या नावाने ज्येष्ठांसाठी उपक्रम चालवून दिशा दाखवली आहे. परंतु दर आठवड्याला, पाच-दहा मैलांच्या आत भेट व्हायची असेल तर ते काम स्थानिक मंडळालाच करावे लागेल.

म्हणून कार्यकारिणीपुढे एक प्रस्ताव ठेवण्यात येत आहे. सार्वजनिक ग्रंथालयाच्या बैठकीच्या खोलीत दर मंगळवारी साडेदहा ते दीड या वेळात मंडळाची नियमित बैठक असावी. तिला प्रमुख पाहुणे नसावेत, व्याख्यान क्वचितच असावे, डबा ज्याने त्याने आणावा. पहिला तास कामाचा असावा: मराठी शाळेची पुस्तके लावणे, जुन्या अंकांचे स्कॅनिंग, नव्याने मेडिकेअर घेणाऱ्यांचे अर्ज समजावून देणे. या शेवटच्या कामासाठी प्रत्येक राज्यात सरकारी साहाय्याने चालणारी विनामूल्य सल्लासेवा आहे आणि तिच्यात स्वयंसेवकांना प्रशिक्षण मिळते. फेब्रुवारी ते एप्रिल या काळात ज्येष्ठांची करविवरणपत्रे विनामूल्य भरून देणारे ‘टॅक्स-एड’चे स्वयंसेवकही असेच तयार होतात, आणि आपल्यातील निवृत्त हिशेबनिसांना तेथे मराठीपलीकडचे शेजारी भेटतील. उरलेला वेळ गप्पांचा, पत्त्यांचा, गाण्याचा, किंवा कोपऱ्यात स्वस्थ बसण्याचा.

हे चालण्यासाठी वक्त्यांपेक्षा वाहनचालकांची गरज अधिक आहे. दिवसा गाडी चालवू शकणाऱ्यांनी आपला पिन कोड, म्हणजे येथील झिप कोड, आणि सोयीचे वार चिटणिसांकडे कळवावेत. ज्यांना आता गाडी चालवता येत नाही त्यांनी संकोच न करता तसे कळवावे, आणि ज्यांचे आई-वडील भारतातून येऊन येथे राहत आहेत त्यांनी त्यांची नावे अवश्य द्यावीत, कारण दिवसभर घरात एकटे असणाऱ्यांत त्यांची संख्या मोठी आहे. पुरेशी नावे आली की खोलीची नोंदणी करून बैठकीची तारीख पुढील अंकात जाहीर करण्यात येईल.