पडत्या भावाचा गिऱ्हाईक

स्थावर मालमत्तेच्या धंद्यात ज्यांची नावे गाजतात ती माणसे बहुधा चढत्या भावाच्या लाटेवर स्वार झालेली असतात; शिकागोच्या सॅम झेल यांचा लौकिक मात्र, धनको आपापल्या गहाणखतांचे काय करावे या विवंचनेत असताना, बुडीत निघालेल्या इमारती पडत्या भावाने घेण्यावर उभा राहिला. १९३९ साली जर्मन आक्रमणाच्या तोंडावर पोलंड सोडून लिथुआनिया, रशिया व जपान असा द्राविडी प्राणायाम करीत अमेरिकेस पोहोचलेल्या ज्यू धान्यव्यापाऱ्याचा हा पुत्र. मिशिगन विद्यापीठात शिकताना फुकट निवासाच्या मोबदल्यात त्याने विद्यार्थ्यांच्या भाड्याच्या घरांची देखरेख पत्करली, आणि पुढे १९७६ साली एका लेखात स्वतःच्या धंद्याला थडग्यांवरील नाचाची उपमा दिली. या निलाजऱ्या प्रांजळपणाचे मला कौतुकच वाटते.

त्यांच्या दृष्टीचा अस्सल नमुना पाहायचा तर तो फिरत्या घरांच्या वसाहतींत पाहावा. घर रहिवाशाचे, खालची जमीन झेल यांच्या कंपनीची. घर नावाला फिरते, परंतु एकदा जागेवर बसले की ते हलवण्यास हजारो डॉलर पडतात, शिवाय नव्या वसाहतीस नगरपालिका सहसा परवानगी देत नाहीत, म्हणून भाडे वाढले तरी कूळ जाणार कोठे? व्यापार म्हणून हे गणित बिनचूक आहे. कुळाच्या ओसरीवरून पाहणाऱ्यास ते तितकेसे सुंदर दिसणार नाही.

फेब्रुवारी २००७ मध्ये झेल यांनी आपली कार्यालयीन इमारतींची कंपनी कर्जासकट सुमारे ३,९०० कोटी डॉलरांस ब्लॅकस्टोन या गुंतवणूक संस्थेला विकली, आणि पुढच्याच वर्षी बाजार कोसळला, ही कथा सर्वत्र सांगितली जाते. मला तिच्याहून मोलाचे वाटते ते त्यांचे १९९० नंतरच्या दशकातील कार्य : खाजगी चोपड्यांत दडलेला भाड्याचा व कर्जाचा हिशेब त्यांनी आपल्या स्थावर मालमत्तेच्या भागभांडवली न्यासांच्या (रीट) द्वारे शेअरबाजारात, सामान्य भागधारकाच्या नजरेखाली आणला.

परंतु त्याच २००७ साली, वृत्तपत्रांच्या धंद्याचा अनुभव गाठीशी नसताना, त्यांनी सुमारे ८२० कोटी डॉलरांचा ट्रिब्यून कंपनीचा सौदा केला. त्यात त्यांची स्वतःची रक्कम साडेएकतीस कोटी. मालकी कागदोपत्री कर्मचाऱ्यांच्या न्यासाकडे, आणि कंपनीच्या शिरावर सुमारे १,३०० कोटींचे कर्ज. डिसेंबर २००८ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. झेल यांची रक्कम बुडाली हे खरे. पण ज्यांना मालक म्हणवून घेण्याचा मान मिळाला होता त्यांची मालकीच लयास गेली. इमारतींच्या व्यवहारात जो मनुष्य कर्जाचा भार तोलूनमापून पाहत असे, त्याने येथे तो दुसऱ्यांच्या पाठीवर लादला, आणि माझ्या मते त्यांच्या कारकिर्दीचा न्याय इमारतींच्या नफ्याइतकाच या सौद्यावरही व्हावा.

झेल यांनी रुजवलेल्या स्थावर मालमत्तेच्या न्यासांसारखा आपल्याकडचा पहिला न्यास, एम्बसी ऑफिस पार्क्स, त्याच ब्लॅकस्टोनच्या भागीदारीत २०१९ साली शेअरबाजारात आला. नरिमन पॉइंटचा एक्स्प्रेस टॉवर्स त्याच्याच मालमत्तेत आहे. वाटपयोग्य उत्पन्नाचा किमान ९० टक्के हिस्सा वाटण्याचे बंधन कायद्याने घातले आहे, कर्जालाही मर्यादा आहे. तरीही न्यासाचे युनिट घेणाऱ्याने प्रवर्तकाच्या कीर्तीवर न विसंबता प्रवर्तकाने स्वतःचे किती घातले, भाडेपट्टे केव्हा संपतात आणि कर्ज कोणाच्या नावे आहे, या तीन गोष्टी अहवालात स्वतः वाचाव्यात.